पॉइंट टू-टूसाठी ‘सगळ्यात महाग, सगळ्यात वेगवान’ गोळ्या? जरा थांबा

नवी पॉइंट टू-टू (.२२ इंच बोअरची) रायफल घेतली की नेमबाजांच्या ग्रुपवरून एक मेसेज हमखास येतो. त्याचा मथितार्थ असा: ‘ऑलिंपिकवाले जी गोळी वापरतात तीच घ्या. परवडेल तितकी महाग आणि मिळेल तितकी वेगवान घ्या, वेगवान गोळीला वारा कमी लागतो. टू-टू म्हटलं की सगळ्या गोळ्या बसतात. नवी नळी आधी पाचशे गोळ्यांनी तापवून घ्या. आणि चाचणीबिचणीत गोळ्या वाया घालवू नका, लायसन्सवर मोजून मिळतात.’ पाचही गोष्टी ठाम सुरात सांगितल्यात, त्यामुळे नवख्याला त्या पटतात. शेवटची सोडली तर एकीतही फारसा दम नाही, आणि शेवटचीतूनही निष्कर्ष उलटाच काढलाय.

आधी वेगाचं बघू, कारण पैसे बहुतेक तिथेच बुडतात.

स्टँडर्ड व्हेलॉसिटीची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी नळीतून साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. हाय व्हेलॉसिटीवाली निघते ३७५च्या आसपास. आवाजाचा वेग २० अंशाला ३४३ असतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून थोडा जास्त. म्हणजे वेगवान गोळी निघताना आवाजाच्या पुढे असते आणि ५० मीटरच्या आसपास त्याच वेगाच्या उंबरठ्यावर येते. नेमक्या याच पट्ट्यात वेगाच्या मानाने हवेचा अडथळा सगळ्यात जास्त असतो आणि गोळी डळमळू शकते. वाऱ्याचं गणितही लोक चुकवतात. गोळी हवेत किती वेळ राहिली यावर तिचं सरकणं ठरत नाही. हवा नसती तर ती जितक्या वेळात पोचली असती, त्यापेक्षा किती उशिरा पोचली यावर ते ठरतं. वेगवान गोळीचा वेग हवा झपाट्याने खाते, म्हणून तिचा हा उशीर जास्त. त्यामुळे आडवा वारा टू-टूच्या हाय व्हेलॉसिटी गोळीला संथ गोळीपेक्षा जास्त ढकलतो. मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या, गोळ्या आवाजाच्या वेगाखाली ठेवतात त्या यासाठीच.

वेग किती, यापेक्षा तो प्रत्येक गोळीला सारखा आहे का, हे टार्गेटवर जास्त दिसतं. नळीच्या रेषेपासून ५० मीटरवर गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला, तर त्या वरखाली सात-आठ मिलिमीटरच्या अंतराने बसतात. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. नेम, श्वास, ट्रिगर सगळं जिथल्या तिथे असूनही दहा हुकला, तर तो कधीकधी असा हुकतो.

मग महाग गोळी घ्यावी? इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. एली टेनेक्स, लापुआ एक्स-अॅक्ट, आरडब्ल्यूएस आर-५० या भारी मॅच गोळ्यांची किंमत मोजतो ती याच सारखेपणासाठी. पण सारखी गोळी म्हणजे तुमच्या नळीला मानवणारी गोळी नव्हे. गोळी सुटताना नळी थरथरते. गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी नळी कुठल्या दिशेला वळलेली आहे, ते चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा), नळी, स्टॉक (दस्ता) आणि गोळीचा वेग मिळून ठरवतात. म्हणून एकाच मेकच्या दोन रायफली एकाच खोक्यातल्या गोळ्यांचे वेगवेगळे ग्रुप काढतात, म्हणजे टार्गेटवर भोकांचे पुंजके कमीजास्त पसरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच ब्रँडचे दोन लॉट, म्हणजे कारखान्यातल्या दोन वेगळ्या खेपा, एकाच रायफलीत वेगळे वागतात. टू-टूची गोळी रिमफायर असते, म्हणजे पेट देणारा मसाला (प्रायमर) तिच्या बुडाच्या कडेत, रिममध्ये असतो. तिच्यात दारू, शिसं आणि हे प्रायमर सगळं कारखान्यातच पक्कं होतं. सेंटरफायरवाला, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर असलेली गोळी वापरणारा, घरी काडतूस पुन्हा भरून (रीलोड करून) फेरफार करू शकतो, तशी सोय इथे नाही. आपल्या हातात उरते ती फक्त निवड.

‘ऑलिंपिकवाले जी वापरतात ती’ हा सल्ला म्हणूनच पोकळ आहे. एलीची बर्मिंगहॅमजवळ आणि लापुआची जर्मनीत शोनबेकला चाचणीची रेंज आहे. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती पकडीत घट्ट बसवतात, एकामागून एक लॉट झाडून बघतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तो नेमबाज विकत घेतो. स्वप्निल कुसाळे असो वा २०१०ची प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) विश्वविजेती तेजस्विनी सावंत, या पातळीवर ब्रँडचं नाव सांगून काहीच कळत नाही. खोक्याच्या झाकणावर छापलेला लॉट नंबर सांगाल तर काही अर्थ, आणि तोही त्यांच्या नळीपुरता.

नवशिक्याने तर एक हिशेब आधी करावा. समजा त्याच्या हाताचा ग्रुप ४० मिलिमीटरचा आहे. साध्या गोळीचा २० आणि भारीचा १५ धरू. या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. उत्तर येतं साध्या गोळीला साधारण ४५ आणि भारीला ४३. दोन मिलिमीटरसाठी कितीतरी जास्त पैसे! एसके स्टँडर्ड प्लस किंवा सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटीसारखी गोळी घ्या आणि उरलेल्या पैशात जास्त गोळ्या झाडा. हात २० मिलिमीटरवर आला की भारी गोळीचा विचार.

‘टू-टू म्हटलं की सगळ्या बसतात’ हे मात्र नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं आहे. १९५९मध्ये आलेली .२२ मॅग्नम वेगळी, लाँग रायफल, म्हणजे आतापर्यंत जिच्याबद्दल बोललो ती नेहमीची टू-टू गोळी, वेगळी. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सैल बसते आणि झाडल्यावर तिची केस (दारू भरलेलं पितळी नळकांडं) फाटू शकते. सीसीआय स्टिंगर या गोळीची केस नेहमीपेक्षा लांब असते, ती मॅच चेंबरमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीतल्या घट्ट चेंबरमध्ये, वापरायची नाही. मॅच चेंबर किती घट्ट असतं हे बघायचं तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारी दांडी) लावून न झाडलेली गोळी अलगद परत काढा: शिशावर रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या, बारीक खुणा उठलेल्या दिसतील. नळीवर काय कोरलंय ते वाचा, खोक्यावर काय छापलंय ते वाचा, मगच बोल्ट लावा.

पाचशे गोळ्यांनी नळी तापवणं? सोडून द्या. कारखान्याचं तेल पुसून नळी साफ करा, एवढं पुरे. मात्र ब्रँड बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या हिशेबात धरू नका. गोळीवर मेण लावलेलं असतं, प्रत्येक ब्रँडचं वेगळं, आणि नळीत नव्या मेणाचा थर बसेपर्यंत ग्रुप भटकतो. हे मेण बोटांना लागतं, त्यावर रेंजवरची धूळही चिकटते. म्हणून गोळ्या मॅटवर सांडून ठेवू नका, ट्रेमध्येच राहू द्या.

राहिला लायसन्सचा मुद्दा. गोळ्या मोजून मिळतात, प्रत्येक खरेदीची नोंद होते, हे खरंच आहे. पण म्हणूनच तर न मानवणाऱ्या गोळ्यांनी वर्षाचा कोटा भरणं परवडत नाही. क्लबच्या साठ्यात दोन-तीन प्रकार असतील तर कोचला विचारून रेंजवरच, त्यांच्या देखरेखीखाली चालवून बघा. रायफल टेकूवर ठेवा, वारा पडलेला असताना प्रत्येक प्रकाराचे पाच गोळ्यांचे निदान पाच ग्रुप काढा आणि पाचांची सरासरी घ्या. सगळ्यात सुंदर ग्रुपचा फोटो काढून ‘हीच गोळी’ म्हणू नका. पाच गोळ्या नशिबानेही एका भोकात जातात. सरासरीत जी पुढे, तिचा लॉट नंबर लिहून घ्या आणि कोट्यात बसतील तितकी खोकी त्याच लॉटची मागा. दुकानदार ‘ब्रँड तोच आहे की’ म्हणेल. तरी झाकणावरचा नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.