गावांचे रस्ते, निर्जन रस्ते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. लडाखमधल्या सायकलसाठीच्या शांत रस्त्यांवरचा माझा लेख वाचून या दादांचा पुतण्या जुलैत लेहला गेला. विमानाने उतरल्यावर चौथ्या दिवशी त्याने माझ्या यादीतली 'वारी ला' ही खिंड चढायला घेतली ('ला' म्हणजे लडाखीत खिंड). खिंडीच्या अलीकडे डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, त्यामुळे फोनही निरुपयोगी. तीन तासांनी मेंढपाळांचं सामान नेणारी एक पिकअप आली आणि तिने त्याला साक्ती गावात उतरवलं. दादा म्हणतात, मनाली-लेह रस्त्यावर हे घडलं असतं तर दहा मिनिटांत एखादा ट्रक थांबला असता. शांततेचं कौतुक करून मी नवख्या पोरांना संकटात घालते. शिवाय असे लेख लिहिले की ते रस्ते शांतही राहत नाहीत.

पोरगा आता बरा आहे हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. ती ओळ येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

माझी चूक झाली आहे, आणि ती नेमकी कुठे झाली ते सांगायला हवं. त्या यादीत मी शाम (लेहच्या पश्चिमेचा भाग), कारगिलजवळचं सुरू नदीचं खोरं आणि वारी ला एकाखाली एक लिहिले. तिन्हीकडे वाहनं कमी, एवढंच त्यांच्यात सारखं आहे. पण शामचा रस्ता शांत आहे तो गावागावांतून जातो म्हणून. तिथली वाहनं म्हणजे गावकऱ्यांच्या गाड्या आणि दिवसाची एखादी बस. वारी ला शांत आहे कारण तिथे कुणी राहतच नाही. साक्ती सोडलं की पलीकडे तांग्यारपर्यंत गाव नाही. मेंढपाळ भेटले तर भेटले. चढ जवळजवळ दीड हजार मीटरचा आणि माथा ५,२०० मीटरच्या वर. या दोन्हींना मी 'शांत' हा एकच शब्द लावला आणि उंचीबद्दल एक ओळ लिहून पुढे गेले. तुमच्या पुतण्याने त्यावर विश्वास ठेवला. त्याची आणि तुमची मी माफी मागते. लेखातून वारी ला मी आजच वेगळा काढलाय. लडाखमध्ये निदान दहा दिवस काढल्यावर, सोबत कुणी असताना आणि साक्तीत सांगून मगच जायचं, असं त्यावर लिहिलंय.

पण हायवे सुरक्षित असतो, हे मला पटत नाही. मी २०१६ च्या ऑगस्टमध्ये मनाली-लेह केलाय. तुम्ही म्हणता तशी मदत तिथे खरंच मिळते, मलाही मिळाली. तरी त्या रस्त्यावर मी सगळ्यात जास्त आजारी पडले ती सरचूला. कारण सरळ आहे. तिथले मुक्काम ट्रकच्या आणि जीपच्या हिशेबाने पडलेत. जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास, सरचू जवळजवळ ४,३००, आणि मध्ये बारालाचा ला, तोही ४,८०० च्या वर. झोपण्याची उंची एका टप्प्यात हजार मीटरने वाढते. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. मनाली-लेहवर हे पाळायचं तर मध्येच कुठेतरी मुद्दाम अडून राहावं लागतं, आणि घाईत कुणी ते करत नाही. मीही केलं नव्हतं.

दुसरं म्हणजे ट्रक. आपल्या घाटात मागून ट्रक आला की आपण कडेला सरकतो, तो जातो, आपण पुन्हा पायडल मारतो. मनाली-लेहवरच्या तांगलांग ला खिंडीत, ५,३०० मीटरच्या वर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. सामानासकट सायकल ताशी पाच किलोमीटरने चढत असते. ताफा आला की खडीत उतरायचं, धूर खात थांबायचं आणि चढावरच पुन्हा सायकल हलवायची. प्रत्येक वेळी सुरुवात करताना जी धाप लागते ती उतरायला दोन-तीन मिनिटं जातात. अशी वीस-पंचवीस वेळा सुरुवात केली की संध्याकाळी माणूस उरत नाही. थकल्यामुळे तोल जातो, आणि तो जातो नेमका ट्रक शेजारी असताना. म्हणून मी शांत रस्ते शोधते. मनाली-लेहला मी घाबरते असं तुम्ही लिहिलंत, ते मान्य नाही. माझा श्वास मला चढासाठी हवा असतो.

आणि हो, शांत रस्ता सोपाही असू शकतो. लेहहून सिंधूच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला, शामकडे निघालं की उंची थोडी कमी होते, हीच पहिल्या आठवड्यासाठी मोठी गोष्ट आहे. निम्मूपर्यंतचा हायवे पहाटे उरकावा. नऊनंतर झंस्कार-सिंधूच्या संगमावर गाड्यांची रांग लागते. पुढे हायवे सोडून लिकीरकडे वळलं की यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. खिंडी लहान आहेत, चार हजारांच्या आतल्या, आणि मुक्काम सगळे लेहच्या उंचीच्या आसपासचे किंवा खालचे. दुपारी वारा सुटतो, तोवर तुम्ही कुणाच्या तरी घरी चहा पीत बसलेले असता. हेमिस शुकपाचनला गावाजवळ शुकपाची, म्हणजे जुनिपरची, जुनी झाडं आहेत आणि गावकरी त्यांना हात लावत नाहीत. मला तिथे बरं वाटेना तेव्हा घरातल्या आजींनी पोटभर सूप पाजलं आणि दुसऱ्या दिवशी निघू दिलं नाही. मी हट्ट धरला असता तरी त्यांनी सोडलं नसतं.

सुरू खोरंही हळूहळू चढतं. कारगिल २,७०० च्या आसपास, पनिखार ३,२०० च्या जवळ, मग पर्काचिक, मग रंगदुम चार हजारांच्या आसपास. पनिखारपर्यंत जवाची शेतं आणि वाळुंजाची झाडं, वर नून आणि कून ही सात हजार मीटरच्या वरची दोन शिखरं. खालच्या गावांत सलाम करावा, रंगदुमला जुले, म्हणजे लडाखी नमस्कार, म्हणावं. पर्काचिक ते रंगदुम मात्र अख्खा दिवस वस्तीशिवाय जातो. लेखात हेही मी धड लिहिलं नव्हतं, आता लिहिलंय.

तुमचा पुतण्या यवतेश्वरचा घाट आठवड्यातून चार वेळा चढतो, म्हणून त्याला काही होणार नाही असं वाटलं होतं, असं तुम्ही लिहिलंत. त्यात त्याचं काही चुकलं नाही, आपण सगळेच असं समजतो. पण कासचं पठार १,२०० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ वर संपतं. पाय तयार असले म्हणून रक्त तयार नसतं. उलट तयारीचा माणूस भरभर चढतो आणि शरीराला सवय व्हायच्या आत वर पोचतो. डोकं दुखत असताना वर जायचं नाही. त्रास वाढला तर कितीही वाजले असोत, खाली उतरायचं. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल ठेवून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही. हे आता लेखाच्या सुरुवातीला आहे, रस्त्यांच्या आधी.

लेखामुळे गर्दी होईल, याबद्दल फार लिहीत नाही. झंस्कारमधून जाणारा 'निम्मू-पदुम-दारचा' हा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, त्यावरच्या शिंकू ला खिंडीखालच्या बोगद्याचं काम सुरू आहे, कारगिल-पदुम रस्ता रुंद होतोय. झंस्कारमधली माणसं हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून, चादरवरून चालत बाहेर पडायची. त्यांना रस्ता मिळतोय आणि मिळायलाच हवा. माझी शांतता त्यांच्या दवाखान्यापेक्षा मोठी नाही.

एक विनंती आहे. पुतण्याला त्या दिवशी पहिलं डोकं किती वाजता दुखलं, आदल्या रात्री झोप लागली होती का, पाणी किती प्यायला, हे आठवेल तसं लिहून पाठवायला सांगा. नाव न घालता ते वारी लाच्या नोंदीखाली टाकते. आणि त्याला पुन्हा जायचं असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कारगिलहून सुरू खोरं करू दे. नाले तेव्हा उतरलेले असतात. पोस्टपेड सिम घ्यायला सांगा. पनिखारला मी जिथे उतरले होते त्या घराचा पत्ता त्याला कळवते.