गिरणगाव आणि जमिनीचा भाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि विचारपूर्वक लिहिलेली आहे, म्हणून तिला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. आपले म्हणणे मला समजले ते असे : गिरणगावाच्या, म्हणजे मुंबईतल्या परळ-लालबागच्या कापड गिरण्यांच्या वस्तीच्या, ऱ्हासाबद्दल लिहिताना मी सरकारी धोरणावर नको तितका ठपका ठेवला आहे. शहराच्या मध्यभागी जमीन महागली की कमी उत्पन्न देणारा वापर बाहेर जातो आणि जास्त उत्पन्न देणारा त्याची जागा घेतो, हे शहरी जमिनीचे अर्थशास्त्र मांडणाऱ्या विल्यम अलोन्सोने 1964 मध्येच मांडले आहे. लंडनच्या गोद्यांचे जे झाले तेच परळ-लालबागचे झाले, आणि शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी दाखवल्याप्रमाणे जुने रहिवासी कालांतराने अधिक चांगल्या वस्तीत सरकतात. जे होणारच होते त्यात अन्याय शोधणे ही आपल्या मते भावुकता आहे.

एका बाबतीत आपले-माझे दुमत नाही. गिरण्या तशाच चालू राहिल्या असत्या, असे मी कुठेही म्हटलेले नाही. यंत्रे जुनी झाली होती, मालकांनी नफा वर्षानुवर्षे दुसरीकडे वळवला होता, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांशी मुंबईच्या साचाखात्याला (गिरणीच्या विणकाम विभागाला) स्पर्धा करणे अशक्य होत चालले होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्याआधीच ही घसरण सुरू झाली होती. म्हणून गिरण्या का गेल्या हा आपल्या वादाचा विषय नाही. त्यांच्याखालची सुमारे 600 एकर जमीन कोणाकडे आणि कोणत्या वाटेने गेली, एवढाच तो आहे.

आता अलोन्सोकडे वळतो. त्याच्या मांडणीत शहर सपाट मैदानावर वसलेले असते, सगळा रोजगार एका केंद्रात असतो, आणि प्रत्येक तुकडा सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला मिळतो. वाहतुकीचा खर्च आणि जमिनीचे भाडे यांचा मेळ समजून घ्यायला हे प्रतिमान फार उपयोगी आहे आणि मी ते आदराने वाचतो. मात्र बोली लावायला बाजार असावा लागतो, आणि गिरणगावात तो नव्हता. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळींची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली होती. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आणली होती. गिरणीची जमीन औद्योगिक वापरासाठी राखीव होती आणि तिचा वापर बदलायला शासनाची परवानगी लागत होती. अशा जमिनीला ‘बाजारभाव’ असतो तो कागदावर. परवानगी मिळाली तर तो कोट्यवधींचा, न मिळाली तर जवळपास शून्य. म्हणजे भाव अगोदर ठरला आणि नियम त्याच्यामागून आला, असा क्रम मुंबईत नव्हता. नियम लिहिला गेला आणि त्यातून भाव जन्मला.

हे प्रत्यक्षात कसे घडले ते एकाच नियमात पाहता येते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने गिरण्यांची जमीन विकसित करायला परवानगी दिली आणि त्याबदल्यात वाटणी ठरवली : ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. (जुन्या शेडमध्येच कार्यालये आणि दुकाने थाटणाऱ्याला ही वाटणी लागू होत नव्हती, आणि बऱ्याच मालकांनी तीच वाट धरली.) 2001 मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. आता गिरणीची रचना डोळ्यांसमोर आणा. साचाखाते म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या छपराची, एकमजली, ऐसपैस पसरलेली शेड. गिरणीच्या आवारातील बहुतेक जमीन अशा शेडखाली आणि गोदामांखालीच असते. समजा, 15 एकरांची गिरणी आहे आणि तिच्यातील 12 एकरांवर बांधकाम आहे. पूर्वीच्या हिशेबाने शहराला सुमारे पाच आणि म्हाडाला सुमारे पाच एकर मिळायला हवे होते. दुरुस्तीनंतर उरलेल्या तीन एकरांची वाटणी होते आणि दोघांच्या वाट्याला एकेक एकर येतो. शेड पाडल्यावर खालची जमीनही मोकळीच होते, पण ती वाटणीत धरली जात नाही. या अर्थावर खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. शेकडो एकरांचे भवितव्य एका विशेषणावर ठरले. यात अलोन्सोची बोली कुठे बसते, ते आपण मला दाखवावे.

यासाठी मला भूगोलाचा अभ्यासक नील स्मिथ याची 1979 ची मांडणी अधिक जवळची वाटते. जमिनीतून आज मिळणारे भाडे आणि तिचा सर्वांत फायदेशीर वापर झाला तर मिळू शकणारे भाडे यांच्यातील दरी रुंदावत जाते आणि पुरेशी रुंद झाली की भांडवल तिथे धाव घेते, असे तो म्हणतो. लोअर परळमध्ये ही दरी कोणी रुंदावली? दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या रेल्वेमार्गांनी, तानसा-वैतरणाच्या पाण्याने, आणि इथे आयुष्य घालवलेल्या माणसांनी. मालकाने जमिनीत त्या काळात काहीच घातले नव्हते, तरी वाढलेल्या किमतीचा सिंहाचा वाटा त्यालाच मिळाला. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती हिशेबाची आहे, भावनेची नाही.

लंडनचे उदाहरण तर आपल्याच विरोधात जाते. तिथल्या गोद्या बंद पडल्या त्या कंटेनरची मोठी जहाजे थेम्सच्या वरच्या भागात येऊ शकत नव्हती म्हणून, हे खरे. पण पुढे त्या जागेवर कॅनरी व्हार्फ हे कार्यालयांच्या उंच इमारतींचे केंद्र बाजाराने आपोआप उभे केले नाही. 1981 मध्ये सरकारने स्वतंत्र विकास महामंडळ स्थापले, गोद्यांची सार्वजनिक जमीन त्याच्या ताब्यात दिली, 1982 पासून आयल ऑफ डॉग्ज या त्याच भागात करसवलती दिल्या, आणि तरीही 1992 मध्ये मूळ विकासकाचे दिवाळे वाजले. भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन 1999 मध्ये तिथे पोहोचली, तीही मुख्यतः सार्वजनिक पैशातून. तिथेही शासनाने निर्णय घेतला आणि बाजार त्यामागून आला.

शिकागोचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या अभ्यासकांपैकी अर्नेस्ट बर्जेसने 1925 मध्ये शहराच्या नकाशावर जी वर्तुळे काढली, त्यांत नवा स्थलांतरित केंद्राजवळच्या जुनाट वस्तीत उतरतो, कमाई वाढली की पुढच्या वर्तुळात जातो, आणि त्याची जागा दुसरा घेतो. गिरणगावातला रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा माणूस असा सरकत नव्हता. तो गिरणीजवळ राहिला याचे कारण बसभाडे वाचवणे एवढेच नव्हते. बदली कामगाराला रोज पाळीच्या वेळी दारात उभे राहावे लागे. कोण गैरहजर आहे ते पाहून जॉबर (कामगार भरणारा मुकादम) माणूस आत घेई, आणि जॉबरच्या नजरेत राहायचे तर त्याच्याच आळीत राहणे शहाणपणाचे होते. वाणी महिनाभर उधारी देई, खाणावळवाली पगार झाल्यावर पैसे घेई, कारण दोन्ही ठिकाणी माणसाला ओळखणारे कोणीतरी असे. गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत तीन पाळ्यांची माणसे आळीपाळीने पथारी टाकत, आणि वर्षातून एकदा तरी माणूस गावी जाई, कारण बायकामुले आणि शेतीचा तुकडा तिथेच असे. संप इतका लांबला त्यामागे हेही एक कारण होते : हजारो कामगार गावी जाऊन शेतीच्या आधाराने तग धरू शकले. उत्पन्न, उधारी, निवारा आणि गाव यांची ही वीण एका ठिकाणाला बांधलेली होती. ते ठिकाण गेल्यावर कामगार पुढच्या वर्तुळात गेला नाही. त्याच्या मुलांनी सुरक्षारक्षकाची, कुरियरची, पुन्हा बदलीसारखीच अस्थिर कामे धरली. घरांसाठी म्हाडाकडे सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले, आणि त्यांतल्या अनेकांसमोर आता मुंबईपासून दूर शेलू-वांगणीच्या घरांचा पर्याय ठेवला जात आहे. नकाशावर ते बाहेरचे वर्तुळ खरेच आहे, पण बर्जेसच्या अर्थाने ती बढती नाही.

‘मग करायला काय हवे होते?’ असे आपण शेवटी विचारले आहे. उत्तर 1996 मध्ये लिहून झाले होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता एकत्रित आराखडा करावा असे सुचवले होते, जेणेकरून सलग मैदाने, रुंद रस्ते आणि स्थानकांभोवती मोकळी जागा मिळाली असती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडेच मुंबईतल्या 25 गिरण्या होत्या, म्हणजे बऱ्याच जमिनीची मालकी सरकारचीच होती. तरीही प्रत्येक आवार स्वतंत्रपणे विकसित झाले. आवारांत हजारो नोकऱ्या आल्या आणि स्थानकांवरचे पूल जुनेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. जमिनीचा सर्वाधिक फायदेशीर वापर ठरवताना हा खर्च कोणत्या रकान्यात मांडायचा, याचे उत्तर अलोन्सोच्या सूत्रात मला सापडत नाही.

पूर्व किनाऱ्यावर मुंबई बंदराची शेकडो एकर जमीन आहे आणि तिच्या वापराचे नियम अजून घडत आहेत. आपण अर्थशास्त्राच्या अंगाने विचार करता, म्हणून त्या जमिनीबद्दल आपले मत जाणून घ्यायला मला आवडेल : वाढलेल्या किमतीतला किती हिस्सा शहराकडे यावा, आणि तो ‘मोकळ्या’ जमिनीवर मोजायचा की सगळ्या?