११२ आकाशातून जात नाही: दर पावसाळ्यात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

पाऊस सुरू झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या, पालकांच्या आणि भटक्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा असतो: "जंगलात, डोंगरात, लिफ्टमध्ये, कुठेही रेंज नसली तरी घाबरू नका. ११२ लावा. हा नंबर थेट सॅटेलाइटवरून जातो. सिम नको, बॅलन्स नको, लॉक काढायची गरज नाही. पोलिसांना तुमचं लोकेशन त्याच क्षणी दिसतं. बॅटरी संपत आली तर *३३७०# दाबा, राखीव बॅटरी सुरू होते. खात्री नसेल तर आत्ताच लावून बघा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. पण येऊरच्या रानात किंवा खारघरच्या डोंगरात पाय मोडून पडलेला माणूस या मेसेजवर विसंबला, तर मोलाचा पहिला तास तो एकाच जागी बसून नंबर लावण्यात घालवेल. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

सुरुवात "रेंज नसली तरी लागतो" या दाव्यापासून. रेंज जाते ती दोन तऱ्हांनी, आणि सगळा घोळ तिथेच आहे. येऊरला पाटोणापाड्याच्या पुढे झाडीत गेलात की सोबत्यांचे फोन शेजारी धरून बघा. एकावर 'फक्त आणीबाणीचे कॉल' असं दिसेल, दुसऱ्यावर 'सेवा नाही'. पहिल्या फोनला स्वतःच्या कंपनीचा टॉवर मिळत नाहीये, पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा मिळतोय. एरवी ती कंपनी या ग्राहकाला दारात उभं करत नाही, मात्र मोबाइलच्या मूळ मानकातच अशी तरतूद आहे की आणीबाणीचा कॉल मिळेल त्या टॉवरवरून जाऊ द्यायचा. मेसेजमधलं खरं आहे ते एवढंच. दुसऱ्या फोनला कुणाचाच टॉवर ऐकू येत नाही. त्यावरून ११२ लावा, १०८ लावा, घरचा नंबर लावा, कॉल फोनच्या बाहेर पडतच नाही.

यात आणखी एक मेख आहे. दुसऱ्या कंपनीचा टॉवर असला तरी तुमच्या फोनला त्याची भाषा कळली पाहिजे. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जीवर, त्यात २जी नाहीच. त्यामुळे जिथे फक्त त्याच कंपनीचा टॉवर पोचतो, तिथे आजीच्या हातातल्या जुन्या २जी बटणांच्या फोनला तो असून नसल्यासारखा.

आणि 'फक्त आणीबाणीचे कॉल' दिसत असताना १०८ लावत बसू नका. ११२ हा आणीबाणीचा नंबर आहे हे प्रत्येक मोबाइलला जन्मापासून माहीत असतं. १०८, १०० किंवा १०१ आणीबाणीचे आहेत हे त्याला सिमकडून किंवा नेटवर्ककडून कळावं लागतं. कळलेलं नसेल तर फोन त्यांना साधे नंबर समजतो आणि परक्या टॉवरवरून पाठवत नाही. ११२ वर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्ही मागता येतात, तेव्हा तोच लावा आणि काय हवंय ते सांगा.

आता सॅटेलाइटकडे येऊ, कारण याच एका शब्दामुळे मेसेजवर विश्वास बसतो. लोक मला विचारतात, "अहो, डोंगरात रेंज गेलेली असताना नकाशावरचा निळा ठिपका हलतो की! म्हणजे फोन सॅटेलाइटला जोडलेलाच असतो ना?" प्रश्न रास्त आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे इशारे खाली सोडत असतात. फोन ते फक्त ऐकतो आणि आपली जागा स्वतःच मोजतो. आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओसारखंच आहे ते: बातम्या ऐकू येतात म्हणून निवेदकाला आपलं बोलणं ऐकू जात नाही. ४जीवर आपल्या फोनची बोलायची ताकद जेमतेम पाव वॅट. तेवढी टॉवरपर्यंत पुरते, कारण टॉवर फार तर काही किलोमीटरवर असतो.

उपग्रहाशी थेट बोलणारे फोन आहेत, ते वेगळे. आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, ॲपलने काही देशांत उपग्रहावरून मदत मागायची सोय दिली. पण तीही डोक्यावर मोकळं आकाश असेल तर, फोन उपग्रहाच्या दिशेला धरून आणि लिखित संदेशापुरती. दाट झाडीत तीही अडखळते, लिफ्टमध्ये तर प्रश्नच नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणंच बेकायदा आहे. खिशातल्या साध्या फोनवरून लावलेला ११२ हा जमिनीवरच्या टॉवरवरूनच जातो आणि उत्तर देणारी माणसंही जमिनीवरच बसलेली असतात. महाराष्ट्राचं ११२ चं मुख्य केंद्र तर आपल्या नवी मुंबईतल्या महापेत आहे, दुसरं नागपूरला.

सिम नको, हा दावा अर्धा खरा म्हणावा लागेल. मानकानुसार सिमशिवायही आणीबाणीचा कॉल करता येतो, पण तो स्वीकारायचा की नाही हे प्रत्येक देश ठरवतो. खोट्या कॉलना कंटाळून जर्मनीने २००९ मध्ये ही सोय बंद केली. तेव्हा डोंगरावर नेलेल्या जादा फोनमध्ये चालू सिम असू द्या. लॉकचं मात्र अगदी बरोबर आहे. लॉक असलेल्या पडद्यावरही आणीबाणीचं बटण असतं, आणि भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं आहे: बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आज संध्याकाळी शिकवा. पण न लावता.

सगळ्यात जास्त काळजी मला लोकेशनच्या दाव्याची वाटते. पोलिसांना आपण कुठे आहोत ते दिसतंय असं मानून घाबरलेला माणूस "लवकर या" म्हणतो आणि फोन ठेवतो. कंपनीकडून टॉवरच्या आधारे कळते ती बहुतेकदा एवढीच गोष्ट, की हा फोन अमुक टॉवरच्या अमुक बाजूला आहे. शहरात त्याचा अर्थ दोन-चार गल्ल्या, डोंगरात कित्येक किलोमीटर. आपल्या भागात तर गोंधळ आणखी वाढतो. गायमुखच्या वळणावरचा फोन खाडीपलीकडचा टॉवर धरू शकतो. कळवा-विटाव्याच्या काठावरून ऐरोलीचा मिळू शकतो. येऊरच्या माथ्यावर उभं राहिलात तर मुलुंड-बोरिवलीची बाजूही उघडी असते. ११२ इंडिया हे ॲप जीपीएसवरची जागा पाठवतं खरं, पण त्याला इंटरनेट लागतं.

म्हणून जागा तोंडाने सांगायची तयारी हवी. नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं की अक्षांश-रेखांश दिसतात. आयफोनच्या होकायंत्रातही दिसतात. रेंज नसतानाही, कारण हे फक्त ऐकण्याचं काम आहे. येऊरला ते आकडे १९.२ आणि ७२.९ ने सुरू होतील, खारघरच्या डोंगरात १९.० आणि ७३.० ने. दशांश चिन्हापुढचे चार आकडे वाचून दाखवलेत तर शोधणारा तुमच्यापासून दहा-बारा मीटरवर येऊन उभा राहतो. कॉल लागला की आधी जागा, मग काय झालंय ते, मग माणसं किती. कॉल मध्येच तुटला तरी जागा पोचलेली असते. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या डोंगरात ओढ्याला पाणी वाढून साठेक माणसं अडकली होती, अग्निशमन दल आणि पोलिसांनी त्यांना खाली आणलं. वस्तीला लागून असलेल्या डोंगरातही सुटका करायला माणसांनाच चढून जावं लागतं. नेमकं कुठे चढायचं ते त्यांना कळायला हवं.

मग 'सेवा नाही' दिसलं तर करायचं काय? जागा बदलायची. दरीतून, ओढ्यातून, कड्याच्या कुशीतून निघून सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या उघड्या धारेवर यायचं, जिथून शहराचे दिवे किंवा इमारती दिसतात अशा बाजूला. इमारत दिसते तिथे टॉवरही दिसण्याची शक्यता मोठी असते. तिथे पोचल्यावर विमान मोड लावून काढायचा, म्हणजे फोन नव्याने शोध घेतो. कॉल टिकत नसेल तर साधा एसएमएस पाठवायचा. त्याला क्षणभराचा धागा पुरतो आणि गेला नाही तर तो पुन्हा पाठवता येतो. जखमी हलण्यासारखा नसेल तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी आकडे कागदावर लिहून वर जायचं. जाण्याआधी घरी बसून आणखी एक गोष्ट करता येते. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते बघून गटात किमान दोन वेगळ्या कंपन्यांची सिम न्या.

इमारतींचं थोडक्यात सांगते. तळघरातलं पार्किंग आणि लिफ्टचा पोलादी डबा इथे बहुधा कुणाचाच टॉवर पोचत नाही, तिथे लिफ्टमधली घंटा आणि इंटरकॉम हाच आधार. तो चालतो का, हे सोसायटीच्या सभेत विचारा. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर रेंज का नाचते, त्याचंही कारण साधं आहे: टॉवरचे अँटेना खाली रस्त्याकडे कललेले असतात. घरात वाय-फाय असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग चालू करून ठेवा, निदान शेजाऱ्याला आणि डॉक्टरांना नेहमीसारखा फोन लागेल. आणि गच्चीवरचा टॉवर कॅन्सरच्या भीतीने काढायला लावणाऱ्या सोसायट्यांनी हेही लक्षात घ्यावं, की भारतातली किरणोत्सर्गाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. टॉवर गेला की रात्री छातीत दुखायला लागलेल्या माणसाचा कॉलही अडतो.

*३३७०# बद्दल फार बोलायला नको. जुन्या नोकिया फोनमध्ये तो आवाजाचा दर्जा वाढवायचा कोड होता आणि त्याने बॅटरी उलट जास्त जायची. राखीव बॅटरी अशी काही नसते. रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते, म्हणून चालताना विमान मोड लावा आणि सोंडेवर पोचल्यावर काढा.

राहिलं "आत्ताच लावून बघा". कृपा करून बघू नका. हजार माणसांच्या ग्रुपमधल्या शंभरांनी खात्री करायचं ठरवलं, तर महापेतल्या शंभर कॉलना कुणीतरी उत्तर देत बसतं, आणि त्याच वेळी मुंब्रा बायपासवर उलटलेल्या रिक्षातून लावलेला कॉल रांगेत थांबतो. तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला खाजगीत सांगा आणि त्याच्याकडूनच तो काढून घ्या.