दीड वर्षाच्या बाळाला गाडी लागण्याची गोळी देऊ नका

गेल्या रविवारी रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कराडहून चिपळूणला निघायचं होतं, कुंभार्ली घाटाने. "दादा, मोठ्यांच्या गोळीचे चार तुकडे करून त्यातला एक बाळाला दुधातून द्यायचा ना?" बाळ दीड वर्षाचं आहे. मी ओरडलोच तिच्यावर. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिने 'घाटात गाडी लागू नये म्हणून सहा रामबाण उपाय' हा मेसेज पाठवला. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो दोनदा येऊन गेलाय आणि खाली लोकांनी हात जोडलेत. म्हणून हे लिहायला बसलो.

चौथा उपाय आधी घेतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. 'लहान मुलांना मोठ्यांच्या गोळीचा पाव भाग द्या, घाट संपेपर्यंत शांत झोपतील.' मेडिकलमध्ये 'गाडी लागायची गोळी द्या' म्हटलं की आपल्याकडे बहुतेकदा प्रोमेथाझिन मिळतं. त्याने मोठ्या माणसालाही गुंगी येते. लहान बाळात तेच औषध श्वास मंदावतं, क्वचित थांबवतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नये, मृत्यूचा धोका आहे, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००४ साली औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत छापायला लावला. चौकटीतला इशारा म्हणजे त्यांचा सगळ्यात कडक इशारा. त्यात हेही म्हटलंय की वजनाच्या मानाने कमी-जास्त, वेगवेगळ्या डोसांनी हा प्रकार झालाय. म्हणजे तुकडा पाव केला म्हणून धोका पाव होत नाही. आणि गाडीत हे घडलं तर कळणार कुणाला? मांडीवरचं बाळ शांत झोपलंय म्हणून सगळे निर्धास्त, बाहेर दरी बघण्यात दंग.

संताप याचा जास्त येतो, की या वयात गोळीची गरजच नसते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी सहसा लागत नाही. सगळ्यात जास्त त्रास होतो तो साधारण दोन ते बारा या वयात. बाळ घाटात रडतं ते भुकेनं, उकाड्यानं, कानात दडे बसल्यानं. त्याला पाजा, गाडी थांबवून खाली उतरवा. दोन वर्षांपुढच्या मुलालाही गोळी द्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टरने वजन बघून ठरवायचं. आणि मोठ्यांनो, गाडी चालवणार असाल तर ही गोळी तुम्हीही घेऊ नका. घाटात डुलकी लागली तर काय होईल हे सांगायला नको.

दुसरा दावा असा, की गाडी लागणं हा मनाचा कमकुवतपणा, 'म्हणून तर ड्रायव्हरला कधी लागत नाही'. माझ्या भाचीला सातव्या वर्षी हे ऐकावं लागतंय. तिला उलटीपेक्षा उलटी होईल याची लाज जास्त वाटते. म्हणून याचं उत्तर नीट देतो.

अमेरिकन नौदल आणि नासा यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून गॅलॉडेट या बहिऱ्यांसाठीच्या कॉलेजमधल्या अकरा बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग केले. त्यांतल्या एक सोडून सगळ्यांचं ऐकणं लहानपणी मेंदूज्वराने गेलं होतं आणि त्यासोबत आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापुढे, खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेलं. ते निवांत पत्ते खेळत बसले. त्यांच्यावर लक्ष ठेवणारे संशोधकच बोट लागून इतके हैराण झाले, की प्रयोग थांबवावा लागला. पोट त्या अकरा जणांनाही होतं, पित्तही होतं. नव्हता तो तोल सांगणारा कान. याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. धैर्याचंच म्हणाल तर ब्रिटिश नौदलाचा सेनापती नेल्सन याला आयुष्यभर बोट लागायची.

वळणावर आतल्या कानातलं पाणी हलतं आणि मेंदूला कळवतं की आपण फिरतोय. डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर असतील तर ते सांगतात, सगळं जागच्या जागी आहे. या तंट्यात मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला वळण आधी दिसतं, स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं, त्याचं डोकं वळणाच्या आतल्या बाजूला आपोआप कलतं. मागे बसलेल्यांची डोकी उलट बाहेर फेकली जातात. त्याच ड्रायव्हरला मागच्या सीटवर बसवा, मग त्याच्या धीटपणाबद्दल बोलू.

याच कारणाने 'मुलाच्या हातात मोबाईल द्या, मन रमलं की त्रास नाही' हा उपाय साफ उलटा आहे. डोळे जवळच्या स्थिर चौकोनावर खिळवणं म्हणजे तो तंटा वाढवणं.

चालत्या गाडीत स्थिर वीज साठते, ती पोटात उतरते आणि वर्तमानपत्रावर बसलं की शोषली जाते, हा तिसरा शोध. यात काही तथ्य नाही. कागद मांडीखाली असो की पोटाशी, कानातल्या पाण्याला त्याचा पत्ता नसतो. एसटीत आमची आजीही पोटाला पेपर बांधायची. तिला बरं वाटायचं यावर माझा विश्वास आहे, विजेवर नाही.

'आदल्या रात्रीपासून कडक उपाशी राहा' हे मात्र निरुपद्रवी नाही. उलटी रिकाम्या पोटीही होते, वर अशक्तपणा येतो. घरातल्या मधुमेही माणसाने गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपास केला तर साखर उतरून घाटातच चक्कर येईल. मिसळ, वडापाव टाळा, भाकरीचा तुकडा किंवा थोडी पेज खाऊन निघा.

आलं आणि लिंबू? बरं, आल्याने काहींना आराम पडतो, पुरावे उलटसुलट आहेत. लिंबू हुंगल्याने अपाय नाही. 'पुढे बसवा' हेही अर्धं बरोबर आहे, पुढून रस्ता दिसतो. पण लहान मूल एअरबॅगसमोर बसवायचं नाही. त्याला मागे मधोमध, पट्टा लावून, समोरच्या काचेतून लांबचं वळण दिसेल असं बसवा.

बहिणीने तेच केलं. मोबाईल डिकीतल्या बॅगेत टाकला, कोयनानगरला थांबून पोरीला दहा मिनिटं चालवलं. पोफळीच्या अलीकडे भाचीला एक उलटी झालीच. बाळाला काही झालं नाही. घाटभर जागंच होतं.