यांच्या स्मरणार्थ एक वॉशर

पाणी विकत घेऊन प्यायचं नाही, असा माझा एक जुना हट्ट आहे. चारचौघांत मी त्याला प्लास्टिकविरोध म्हणतो, घरचे चिकटपणा म्हणतात. कारण काहीही असो, घरून भरून घेतलेली बाटली गाडीतच संपते आणि भर दुपारी फोर्टात कामं उरकत हिंडताना घशाला कोरड पडते. अशा वेळी शहाणा माणूस टपरीवर वीस रुपये टेकवतो. मी पाणपोई शोधतो.

मुंबईत पाणपोई सापडत नाही असं कुणी म्हणत असेल तर तो निव्वळ खोटारडेपणा आहे. पाणपोया ढिगानं सापडतात. पाणी सापडत नाही.

याचं वाईट वाटतं, कारण एके काळी या शहरात पाणी पाजण्याची चक्क चढाओढ लागलेली होती. १८६० साली विहार तलाव झाला आणि मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं. मग १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. त्याआधी शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. तेव्हा कुणाला पाणी पाजून पुण्य जोडायचं झालं तर विहीर खणण्याची जोखीम होती. जागा हवी, खाली पाणी हवं, आणि चारी बाजूंनी समुद्र असताना ते गोडं लागायला नशीब हवं. नळ आले आणि पुण्याची मोठीच सोय झाली. कापूसवाले, किराणावाले, बंदरावरचे व्यापारी, ज्यांच्या गाठीला चार पैसे होते त्यांनी बाजाराच्या नाक्यांवर प्याऊ, म्हणजे पाणपोयाच, उभे केले. आई गेली, प्याऊ. वडील गेले, प्याऊ.

आणि काय एकेक प्याऊ! घडीव दगडाचा चौथरा, वर घुमटी, घुमटीवर कळस, जाळीदार खिडकी. माणसांसाठी कमरेच्या उंचीवर पाणी. खाली बैलांसाठी, घोड्यांसाठी दगडी हाळ, कारण तेव्हाची वाहतूक पाणी प्यायची. काही ठिकाणी वर पाखरांसाठीही वाटी. मशीद बंदरला केशवजी नायकांनी १८७६ साली बांधलेल्या प्याऊवर तर घड्याळाचा मनोरा आहे. माणसाला पाणी पाजायचं आणि त्याला किती उशीर झालाय हेही वर दाखवायचं, असा दुहेरी परोपकार.

फोर्टात मिंट रोडच्या चौकात रतनशी मुळजी जेठांचा प्याऊ आहे, १८९४ सालचा. त्यांचा मुलगा पंधराव्या वर्षी गेला. बापानं त्याच्या आठवणीसाठी वास्तुरचनाकार निवडला तो एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, म्हणजे ज्यानं व्ही.टी. स्टेशन बांधलं तोच. सगळ्यात वर, शिखरावर, पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे. तिथे उभं राहिलं की थट्टा सुचत नाही. मधल्या काळात त्याचीही रया गेली होती. पुढे तो इतका नेटका दुरुस्त झाला की २०१८ साली युनेस्कोनं त्या कामाची दखल घेतली.

बाहेरगावच्या पाहुण्यांना मात्र यातलं काही पाहायचं नसतं. त्यांना फ्लोरा फाउंटन पाहायचं असतं. ते १८६४ सालचं. मुळात भायखळ्याच्या बागेसाठी ठरलेलं, खर्च सत्तेचाळीस हजार रुपये, दगड थेट इंग्लंडातला. तोंडाला पाणी सुटेल असं सगळं आहे, पण तिथलं पाणी तोंडाला लावायचं नाही, ते शोभेचं. तहानलेल्या माणसाला फ्लोरा फाउंटनपाशी उभं करणं हा छळाचा प्रकार मानला गेला पाहिजे.

तिथून हाकेच्या अंतरावर, चर्चगेटच्या बाजूला, भिका बेहराम विहीर आहे, १७२५ ची. एवढी समुद्राजवळ असून पाणी गोडं. भिकाजी बेहराम भडोचहून मुंबईला येत असताना मराठ्यांनी त्यांना मोगलांचा हेर समजून पकडलं आणि गडावर कोंडलं. आपण पारशी आहोत हे अंगातला पवित्र सदरा आणि कमरेची कुस्ती, म्हणजे पवित्र दोरा, दाखवून त्यांनी पटवलं तेव्हा कुठे सुटका झाली, असं सांगतात. विहिरीचा परिसर आज पारशी भाविकांसाठी राखीव आहे. कोरड्या घशानं मी फाटकापाशी पोहोचतो, इतिहास आठवतो, आपल्या माणसांनी केलेला पाहुणचार आठवतो, आणि बाहेरूनच हात जोडून पुढे सरकतो. कुठल्या तोंडानं पाणी मागायचं?

तर उरते आमच्या स्टेशनाबाहेरची पाणपोई. ही घडीव दगडाची नाही, ही टाइल्सची. चौथऱ्याच्या बाजूंना देवादिकांच्या टाइल्स आहेत, म्हणजे लोकांनी थुंकू नये. लोक देव चुकवून थुंकतात. वर संगमरवरी पाटी: ‘कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ’. पाटीखाली दुसरी पाटी, ‘यांच्या हस्ते’. तिच्याखाली तिसरी, ‘यांच्या प्रयत्नातून’. या तीन पाट्यांच्या खाली तीन तोट्या. पैकी एक तोटी मुळातच नाही. तिच्या जागी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून लाकडाचा बोळा ठोकलाय. दुसरी अहोरात्र ठिबकते, पण ग्लास भरायचा तर बूड टेकून बसावं लागेल. तिसरी दाबायची. तिच्यातून पाणी येतं.

दाबायच्या तोटीची रचना ज्यानं केली त्यानं माणसाचे हात मोजले नसावेत. ओंजळीला दोन हात लागतात. तोटी दाबायला एक. बाटली नसेल तर एकाच हाताची ओंजळ करायची, म्हणजे ती ओंजळ नसतेच, तो नुसता उतार असतो. पाणी मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून चपलेत. मग वाकून तोंड वर करून थेट धार पकडायची. त्यासाठी मान ज्या कोनात न्यावी लागते त्या कोनात ती शेवटची पाळण्यात असताना गेलेली असते. तेवढ्यात पाठीमागचा माणूस आपण होऊन तोटी दाबायला हात पुढे करतो. चांगला माणूस. तो इतक्या उत्साहानं दाबतो की पाणी नाकात जातं.

तोटीशेजारी भिंतीत एक साखळी आहे. साखळीच्या टोकाला काही नाही.

या साखळीचं घराणं मोठं आहे. लंडनमध्ये १८५९ साली पहिली फुकट पाणपोई उघडली तेव्हा तिच्यावर साखळीला बांधलेले पेले होते. पॅरिसमध्ये रिचर्ड वॉलेस नावाच्या श्रीमंत इंग्रज माणसानं १८७२ पासून ज्या लोखंडी पाणपोया बसवल्या त्यांनाही साखळीचेच पेले. तिथले पेले १९५२ साली आरोग्याच्या कारणावरून काढून टाकले. अमेरिकेत कॅन्ससनं तर १९०९ सालीच सार्वजनिक पेल्यावर बंदी घातली होती, क्षयरोगाच्या भीतीनं. आमच्याकडे ग्लासवर बंदी घालायची वेळच आली नाही. जंतू पोहोचायच्या आत ग्लास चोर घेऊन गेला. शिवाय भांड्याला तोंड न लावता वरून पाणी पिण्याचं शिक्षण आपल्याला लहानपणीच मिळतं. शर्टाचं दुसरं बटण ओलं असणं ही त्या शिक्षणाची पदवी.

टाकीवर रंगानं लिहिलंय: ‘टाकी धुतल्याचा दिनांक’, आणि पुढे रेघ. ‘पुढील दिनांक’, पुढे रेघ. रेघा अतिशय सरळ आहेत.

चैत्र लागला की या पाणपोईच्या शेजारी आणखी एक पाणपोई उघडते. मांडव, लाल ओल्या कापडात गुंडाळलेले माठ, आणि पाठीमागे फ्लेक्स. फ्लेक्सवर इतके चेहरे असतात की प्रत्येकानं एकेक तांब्या आणला असता तरी चौकाची तहान भागली असती. नारळ फुटतो, फोटोसाठी एका रिक्षावाल्याला धरून पाणी पाजलं जातं. आठवडाभरात माठांच्या तळाशी भोकं सापडतात. मांडव जातो, माठ जातात. फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत तग धरतो आणि मग कुणाच्या तरी छपरावर चढून आयुष्यात पहिल्यांदा पाणी अडवतो.

मी एकदा या सगळ्याचा छडाच लावायचं ठरवलं. आधी शेजारच्या पानवाल्याला विचारलं. पाणपोईच्या मागच्या दाराची किल्ली त्याच्याचकडे निघाली, कारण आत त्याचा माल होता. “काका, पानी का मेरे को मालूम नहीं, मैं सिर्फ किल्ली संभालता हूँ,” असं म्हणून त्यानं जबाबदारीची हद्द आखून दिली. मग एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी मला बसवलं, पाणी विचारलं (बाटलीतलं), आणि समजावून सांगितलं, की नळजोडणी एका खात्याकडे, फुटपाथ दुसऱ्याकडे, गटार तिसऱ्याकडे, आणि बांधकाम देणगीदारांचं. देणगीदार वर गेलेले. “वारसांना गाठा,” ते म्हणाले. “नवीन पाणपोई बांधायची असेल तर मात्र लगेच अर्ज द्या, पाटीसकट मंजूर होते.”

खरं ज्ञान मिळालं ते प्लंबरकडून. तो पाणपोईपाशी उकिडवा बसला, तोटी उघडली आणि आतली काळी पडलेली रबरी चकती माझ्या तळहातावर ठेवली. रुपयाएवढीसुद्धा नव्हती. “हा वॉशर,” तो म्हणाला. “दिवसभर लोक दणादण दाबतात, म्हणून आधी स्प्रिंग बसते, मग हा चेचतो. घरच्या नळाला वर्षं टिकतो, इथे पावसाळा काढला तरी नशीब.” पाणी ठरावीक वेळेलाच येतं म्हणून टाकी लागते, टाकीला ती भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक लागतो, तो अडकला की पाणी रस्त्यावर. खालची जाळी चहाच्या पावडरनं आणि गुटख्याच्या पुड्यांनी तुंबते, कारण अर्धी माणसं इथे पाणी पीत नाहीत, चूळ भरतात. “साहेब, याला रोज कुणीतरी बघायला पाहिजे. नळाला काय, तोंड असतं, डोळे नसतात.”

मला ते पटलं. जुन्या प्याऊत तो ‘कुणीतरी’ आत बसलेला असायचा. शेटजी त्याला पगार द्यायचे; तो रांजण धुवायचा, गाळून पाणी भरायचा, जाळीतून ओतून द्यायचा. आपण पगार वाचवला आणि त्याच्या जागी तोटी लावली. अर्थात त्या जमान्याच्या नावानं गळा काढायचं कारण नाही. पाणी कुणाला मिळायचं आणि कुणाला नाही, हाही तेव्हा प्रश्न होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला ते उगाच नव्हे. तोटी कुणाची जात विचारत नाही, एवढं तिचं ऋण मान्य करावं लागेल. ती फक्त सगळ्यांना सारखीच पाणी देत नाही.

पण मुख्य घोळ पाटीचा आहे, असं माझं ठाम मत झालंय. दगड दान केला की पाटी लागते, मनोऱ्यावर घड्याळ बसवलं की इतिहासात नाव राहतं. वॉशर दान करणाऱ्याला कोण विचारतो? ‘कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ बॉलकॉक’ असं कुठे वाचलंय तुम्ही? ‘जाळी उपसण्याचा शुभारंभ मान्यवरांच्या हस्ते’? पुण्य बांधकामात आहे. देखभालीत नुसती मजुरी. जिथे प्याऊ पुन्हा वाहते झालेत, तिथे नळ जोडल्यानंतरही कुणीतरी रोज फडकं मारतंय, म्हणूनच वाहतात. त्या फडकंवाल्याची पाटी मला अजून दिसलेली नाही.

हे मी प्लंबरला ऐकवलं. त्याला मुद्दा फारच आवडला. वॉशर दहा रुपये, मजुरी दीडशे, आणि पाटी हवी असेल तर त्याचा मेहुणा पाट्या कोरतो. संगमरवरी बाराशे, ग्रॅनाइट अठराशे, सोनेरी अक्षरं वेगळी. “तुम्ही फक्त नाव सांगा, साहेब. वॉशर मी आत्ता बसवतो.”

मी तिथूनच घरी फोन लावला. वडील म्हणाले, “माझं नाव घालू नकोस, मी अजून आहे.” फोन आईकडे गेला. मी आजोबांचं नाव सुचवलं.

“तुझ्या आजोबांचं?” आई म्हणाली. “अरे, त्यांनी उभ्या आयुष्यात एक नळ कधी घट्ट बंद केला नाही.”