बिनपगारी फुल अधिकारी होऊ घातलेल्यांसाठी

ताई, तुमचे यजमान अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याची चिन्हं दिसत असतील तर अभिनंदन. त्यांना वर्षाला ४ लाख डॉलर पगार पडेल. तुम्हाला दमडीही नाही. तुमच्या ‘फर्स्ट लेडी’ या पदाचा राज्यघटनेत उल्लेखच नाही, त्यामुळे राजीनामा द्यायचीही सोय नाही. १९७८च्या कायद्याने हाताखाली माणसं तेवढी मिळतात.

स्वतःची नोकरी चालू ठेवायचं मनात आहे? ठेवा की. जिल बायडन व्हाइट हाउसमध्ये राहूनही कम्युनिटी कॉलेजात शिकवत होत्या. पण त्या तिथे राहायला जायच्या आधीच एका लेखकमहाशयांनी वर्तमानपत्रातून सल्ला दिला होता, की नावामागचं ‘डॉक्टर’ तेवढं काढून टाका. नवऱ्याच्या पदव्यांवर असे लेख येत नाहीत, पण तो विषय वेगळा.

त्यापेक्षा ओव्हनकडे लक्ष द्या. १९९२मध्ये नवऱ्याच्या, बिल क्लिंटन यांच्या प्रचारात हिलरी क्लिंटन बोलून गेल्या, की घरी बसून कुकीज भाजत चहापान करता आलं असतं, पण मी माझा व्यवसाय निवडला. झालं! देशभर गहजब. येलमधून कायदा शिकलेल्या या बाईंना मग ‘फॅमिली सर्कल’ मासिकात कुकीजची कृती द्यावी लागली. स्पर्धेत समोर तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश, हाताशी लोणी. हिलरींच्या कुकीजमध्ये ओट्स आणि वनस्पती तूप. वाचकांनी कौल दिला, हिलरी जिंकल्या. २०१६मध्ये त्या स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे उमेदवाराच्या जोडीदाराची, म्हणजे बिलरावांची पाळी आली. त्यांनी बायकोचीच जुनी कृती ‘क्लिंटन कुटुंबाची’ म्हणून पुढे केली. कुकीज पुन्हा जिंकल्या. बाई हरल्या.

भांडीकुंडी घेताना मुहूर्त बघा. नॅन्सी रेगन यांनी ४,३७० नगांचा चिनी मातीचा सेट मागवला. पैसे देणगीचे होते, पण बातमी आली ती शाळेतल्या मुलांच्या जेवणात केचपला भाजी म्हणून मोजायचा घाट घातला जात होता त्याच सुमारास. पुढे १९८२मध्ये पत्रकारांच्या मेजवानीत त्यांनी चिंध्या पांघरून स्वतःचीच टर उडवणारं गाणं म्हटलं, तेव्हा कुठे लोक हसले.

आणि खरोखरच कारभार करायची हौस असेल, तर ताई, यजमान अंथरुणाला खिळेपर्यंत धीर धरा. ऑक्टोबर १९१९मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला. त्यांच्या पत्नी एडिथबाई खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. मंत्र्यांचे कागद त्या आत नेत आणि बाहेर आणत ते समासात स्वतःच्या अक्षरात ‘राष्ट्राध्यक्ष म्हणतात की...’ असं लिहून. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला अजून अवकाश होता, आणि तो मिळावा असं खुद्द एडिथबाईंनाही वाटत नव्हतं. परराष्ट्रमंत्री लान्सिंग यांनी मध्यंतरी मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावल्या, तर फेब्रुवारी १९२०मध्ये त्यांनाच घरी जावं लागलं.

पुढे आठवणी लिहिताना एडिथबाईंनी साफ सांगितलं, की सार्वजनिक कारभारातला एकही निर्णय मी घेतला नाही. कुठला कागद महत्त्वाचा आणि कुठला नाही, एवढंच काय ते ठरवलं. हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा.