खुलासा : ‘मे’ने शक्यता विचारता येते का?

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक नियम सध्या फिरतो आहे : ‘मे म्हणजे शक्यता, म्हणून शक्यता विचारायची तर वाक्य मे ने सुरू करा.’ उदाहरण दिले जाते, ‘मे इट रेन टुडे?’

नियमाचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. ‘इट मे रेन टुडे’ हे विधान अगदी शुद्ध. पण आजच्या इंग्रजीत शक्यतेचा प्रश्न सहसा ‘मे’ने सुरू होत नाही. प्रश्नाच्या सुरुवातीला ‘मे’ आले की ऐकणाऱ्याला परवानगी आठवते : ‘मे आय कम इन?’ शिवाय ‘मे’ कर्त्याच्या आधी आणले की इच्छाही व्यक्त होते. ‘मे यू लिव्ह लाँग’ म्हणजे ‘दीर्घायुषी हो’. म्हणून ‘मे इट रेन टुडे’ हे कानाला ‘आज पाऊस पडो’ असे लागते! विचारायचे एक आणि पोचते दुसरेच. मला हा घोटाळा फार महत्त्वाचा वाटतो.

मग विचारायचे कसे? ‘कुड इट रेन टुडे?’ किंवा ‘इज इट लाइकली टु रेन?’ दारावर थाप पडली तर ‘हू कॅन दॅट बी?’, म्हणजे ‘कोण असेल बरं?’ ‘माइट’ने सुरू होणारा प्रश्न चुकीचा नाही, पण जरा औपचारिक वाटतो.

‘मे’ वापरायचेच असेल तर ते आत ठेवा : ‘डू यू थिंक इट मे रेन?’ इथे प्रश्न ‘डू’ने सुरू होतो, त्यामुळे ‘मे’ विधानातल्यासारखे कर्त्यानंतरच राहते.